भोपाळचा धडा आणि देवालयातील लाकूडकाम

देवालयाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला म्हणजे चर्चा बहुधा शिखर, कळस, फरशी आणि निधी यांभोवती फिरते. लाकडाचा विचार सर्वांत शेवटी होतो. वास्तविक गोमंतकातील देवालयांचे निम्मे वैभव लाकडात आहे. बांदोड्याच्या श्री नागेश देवालयातील रामायण-महाभारताच्या कोरीव काष्ठपट्ट्या, म्हार्दोळच्या श्री महालसेच्या सभामंडपातील खांब आणि गावोगावच्या पालख्या, लालख्या, रथ, मखरे व चौकटी ही सारी च्यारी मंडळींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांची करणी होय. सोळाव्या शतकात देवता साष्टी-तिसवाडीतून अंत्रुजात आल्या, तेव्हा सोबत फारसे काही आणता आले नाही. पुढे जे उभे राहिले ते महाजनांनी आपल्या घामाच्या पैशाने उभे केले.

अशा या काष्ठकामावर मागील शतकात डब्यातील तैलरंगांचे थर चढले. जात्रेला महिनाभर अवकाश असला की चकचकीत रंगाचा एक हात फिरवावयाचा, हा प्रघात पडला. पन्नास-साठ वर्षांत थरावर थर बसून मयूराचा पिसारा गुळगुळीत झाला, गंधर्वाचे नाक बुजले आणि वेलबुट्टीच्या खाचा भरून गेल्या. अलीकडे अनेक देवस्थानांत हे थर काढून मूळ सागवान वा शिसव उघडे करण्याची स्तुत्य इच्छा दिसते. ती पुरी करण्याकरिता रंगाच्या दुकानातून एक डबा येतो. त्यातील दाट द्रव कुंचल्याने फासला की पाच-दहा मिनिटांत रंगाला फोड येतात आणि पत्र्याने खरवडताच तो सोलून निघतो. काम झपाट्याने होते, सुतार खूष असतो आणि समितीही खूष असते.

त्या डब्यात काय असते याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ती का व्हावी, याचे उत्तर गोमंतकापासून शेकडो कोस दूर असलेल्या भोपाळ नगरीच्या इतिहासात सापडते. एक डबा आणि एक महाकाय कारखाना यांची सांगड घालणे प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. तथापि या दोहोंत रसायनशास्त्राचे सख्खे नाते आहे, आणि माणसाच्या चुकांचे नाते त्याहूनही जवळचे आहे.

सूर्यप्रकाशाची दोन अपत्ये

इ. स. १८१२ मध्ये जॉन डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन हे दोन वायू एकत्र करून सूर्यप्रकाशात ठेवले. त्यांच्या संयोगाने एक नवाच वायू निर्माण झाला. ग्रीक भाषेत ‘फॉस’ म्हणजे प्रकाश. प्रकाशापासून जन्मलेला म्हणून त्याचे नाव ‘फॉस्जीन’ ठेवण्यात आले. नाव इतके सात्त्विक असले तरी वायू प्राणघातक निघाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या डिसेंबरात, तो रणभूमीवर सोडण्यात आला आणि त्या युद्धात विषारी वायूंनी जे सैनिक मेले त्यांतील बहुसंख्य या एका वायूने मेले. त्याचा वास कुजट गवतासारखा येतो आणि प्रथम फारसा त्रास होत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, निजतो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते आणि मग वैद्यालाही फारसे काही करता येत नाही.

पुढे १८४० च्या सुमारास रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दुसरे एक द्रव्य सिद्ध केले. तेही क्लोरीनच्या साहाय्याने आणि तेही सूर्यप्रकाशातच. हेच मेथिलीन क्लोराइड, ज्याचे दुसरे नाव डायक्लोरोमेथेन. दिसण्यात पाण्यासारखे, वासाला किंचित गोडसर आणि सहजासहजी पेट न घेणारे असे हे द्रव्य विसाव्या शतकात रंग सोलण्याच्या धंद्याचा राजा झाले. त्यापूर्वी रंग काढण्याचे मार्ग तीनच होते. पत्र्याने खरवडणे, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र पाण्याने रंग विरघळविणे किंवा ज्योतीने तो भाजून काढणे. खरवडण्यात श्रम फार, सोड्याने लाकूड काळवंडते व त्याचा रेषा उभा राहतो, आणि ज्योतीने कोरीव काम करपते. या तिन्ही अडचणी मेथिलीन क्लोराइडने दूर केल्या. ते पेटत नाही, म्हणजे ते निर्धोक आहे, असा समज दृढ झाला.

येथेच ही दोन अपत्ये एकमेकांना भेटतात. मेथिलीन क्लोराइडची वाफ उघड्या ज्योतीवरून अथवा तापून लाल झालेल्या धातूवरून गेली की तिचे विघटन होऊन त्यातून तीव्र आम्लवायू आणि फॉस्जीन निर्माण होते. ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. रॉकेलच्या शेगड्यांनी उबदार केलेल्या कोंदट खोल्यांत रंग काढण्याचे काम करणाऱ्यांना फॉस्जीनची बाधा झाल्याचे वृत्त १९६० साली ब्रिटनच्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे. द्रव्य स्वतः पेट घेत नाही हे खरे. परंतु जवळ जे पेटलेले असते, त्याच्या संगतीने ते विषारी होते.

काली परेडवरील कारखाना

भोपाळ हे राजा भोजाच्या नावाशी जोडलेले, तलावांचे आणि पुढे बेगमांच्या राजवटीचे शहर. मराठ्यांच्या इतिहासात ते पहिल्या बाजीरावाने १७३७ साली निजामाला कोंडले त्या रणसंग्रामामुळे अजरामर आहे. गोमंतकीयांनाही ते परके नाही. १९८२ साली तेथे उघडलेल्या ‘भारत भवन’ या कलामंदिराचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया हे मूळ गोमंतकीय घराण्यातील, आणि पणजीची कला अकादमी ही त्यांचीच रचना.

याच शहराच्या उत्तरेस, रेल्वे स्थानकापासून फार दूर नसलेल्या काली परेड मैदानावर, १९६९ साली युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना सुरू झाला. घरोघरच्या विजेरीतील एव्हरेडी मसाल्यांमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे होते. कारखान्यात ‘सेविन’ नावाचे कीटकनाशक होई. ते तयार करण्यासाठी लागणारे मेथिल आयसोसायनेट हे द्रव्य आधी परदेशातून येत असे, पण १९८० पासून ते भोपाळातच तयार होऊ लागले. ते बनविण्याची कृती थोडक्यात अशी. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन यांपासून फॉस्जीन करावयाचे, आणि फॉस्जीनचा मेथिलअमाइनशी संयोग घडवावयाचा. म्हणजे डेव्हीने १८१२ साली उन्हात जन्माला घातलेला वायू येथे टनावारी तयार होत होता.

मेथिल आयसोसायनेट हे सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळते. रंग काढण्याच्या डब्यातील मेथिलीन क्लोराइडही जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे ४० अंशांखालीच, उकळू लागते. दोघांचीही वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत साचते, उताराकडे वाहते आणि ठेंगण्या जागी तळ ठोकते. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

संकटाच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या. १९८१ च्या डिसेंबरात नळाची दुरुस्ती करीत असता एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडाले. घाबरून त्याने तोंडावरचा मुखवटा काढला आणि नेमका तेव्हाच वायू त्याच्या श्वासात गेला. त्या वेळी तो चालता-बोलता होता, परंतु पुढे त्याचा मृत्यू झाला. या घटनेने अस्वस्थ होऊन भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी कारखान्याची माहिती काढण्यास प्रारंभ केला. १९८२ साली आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून त्यांनी शहराला धोक्याची जाणीव करून दिली. १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’ या दैनिकातूनही त्यांनी तेच पुन्हा लिहिले. त्यांच्या लेखनाकडे कोणी लक्ष दिले नाही.

दोन डिसेंबरची रात्र

२ डिसेंबर १९८४ ची रात्र थंडीची होती. कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन मेथिल आयसोसायनेट साठविलेले होते. ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावयाचे असते, परंतु थंड करणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती. सुटलेला वायू कॉस्टिक सोड्याने शमविणारे यंत्र तयार स्थितीत नव्हते. उरलासुरला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळ काढल्याने निरुपयोगी होता. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडे त्या उंचीपर्यंत पोहोचत नसत. पाळीवरील माणसांची संख्याही पूर्वीपेक्षा निम्म्यावर आणलेली होती.

टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी दोन तट पडले. नळ धुताना अडसर बसविला नव्हता म्हणून, असे कामगारांचे म्हणणे, तर कोणी बुद्ध्या घातले असे कंपनीचे. काहीही असले तरी पाण्याशी संयोग होताच द्रव तापू लागला आणि दाब वाढत चालला. रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले आणि गळती ध्यानात आली. ती चहानंतर पाहू, असे ठरले. असे डोळे चुरचुरणे तेथे नित्याचेच झाले होते. मध्यरात्रीनंतर सुरक्षा झडप फुटावी तशी उघडली आणि पुढे सुमारे दोन तास वायू बाहेर पडत राहिला.

वारा शहराकडे वाहत होता. जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प या गरिबांच्या वस्त्या प्रथम सापडल्या. वायू जड, त्यामुळे बुटक्या झोपड्यांत तो भरला. मुलांची उंची कमी, त्यामुळे मुलांना त्याची अधिक बाधा झाली. लोक जीव मुठीत घेऊन धावले, आणि धावताना श्वास जोराचा होतो म्हणून अधिक वायू आत ओढला गेला. नाकातोंडावर ओला कपडा धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जावे, ही साधी गोष्ट त्यांना कोणी कधी सांगितलेली नव्हती. भोंगा वाजला तो थोडा वेळ वाजून बंद झाला, आणि पुन्हा अखंड वाजू लागला तेव्हा पहाटेचे दोन वाजत आले होते. हमिदिया रुग्णालयात हजारोंची रीघ लागली, पण वायू कोणता आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना कोणी निश्चित सांगू शकले नाही.

रेल्वे स्थानकावर त्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर हे कामावर होते. घुसमट जाणवताच वरिष्ठांच्या आज्ञेची वाट न पाहता त्यांनी फलाटावर उभी असलेली उतारूंनी भरलेली गाडी ठरल्या वेळेआधी सोडून दिली आणि इतर स्थानकांना गाड्या रोखण्याचा निरोप धाडला. शेकडो प्राण त्यामुळे वाचले. स्वतः दस्तगीर आयुष्यभर रोगग्रस्त राहिले व २००३ साली निवर्तले. एका जागरूक माणसाने वेळीच घेतलेला निर्णय किती मोलाचा असतो, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यूंची नोंद मान्य केली. पीडितांच्या संघटनांच्या मते ही संख्या कितीतरी अधिक आहे. शासनाने २००६ साली दिलेल्या प्रतिज्ञापत्रात ५,५८,१२५ व्यक्तींना इजा झाल्याचे नमूद आहे.

तेच द्रव्य, निराळी रीत

या दुर्घटनेचा एक उत्तरार्ध आहे, आणि तो बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. ६१० क्रमांकाची टाकी रिकामी झाली, परंतु कारखान्यातील दुसऱ्या टाकीत मेथिल आयसोसायनेट शिल्लकच होते. ते नाहीसे करणे आवश्यक होते. शास्त्रज्ञ डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली विचारविनिमय झाला. उरलेल्या द्रव्याचे सेविनमध्ये रूपांतर करणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय, असा निर्णय झाला. १६ डिसेंबर १९८४ रोजी हे काम सुरू झाले. त्याला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव देण्यात आले.

त्या वेळी काय केले गेले ते पाहण्याजोगे आहे. यंत्रणा आधी तपासून दुरुस्त केल्या. दिवस आधी जाहीर केला. शाळा बंद ठेवल्या. ज्यांना शहर सोडावयाचे होते त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या. कारखान्याच्या कुंपणावर ओले कापड लावून ते सतत भिजवीत ठेवले, आणि वरून हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडले. कामावर देखरेख ठेवणारी माणसे जाणती होती. काही दिवसांत सारे काम निर्विघ्न पार पडले आणि त्यात कोणालाही इजा झाली नाही.

भोपाळच्या इतिहासाचे मर्म या पंधरवड्यात साठविलेले आहे. कारखाना, द्रव्य, शहर आणि डिसेंबर महिना, सारे तेच होते. पहिल्या वेळी हजारो मेले, दुसऱ्या वेळी एकही नाही. मधल्या काळात बदलली ती केवळ काम करण्याची रीत. डब्यात काय आहे ते ठाऊक असणे, साधने आधी सिद्ध ठेवणे, आजूबाजूच्यांना सांगणे आणि जाणत्याला समोर उभे करणे, एवढ्यानेच हा फरक पडला.

पुढे देशाने कायदे केले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. कामगाराला आपण हाताळतो त्या द्रव्याची माहिती मिळण्याचा हक्क त्यातून मान्य झाला. दिल्लीतील एका वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात निर्णय दिला की धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर नुकसानीची पूर्ण जबाबदारी राहील, दुसऱ्याकडे बोट दाखवून तिच्यातून सुटता येणार नाही. भोपाळपीडितांच्या दाव्यात १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास मात्र २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. चाळीस वर्षे तो तेथेच होता, आणि आसपासच्या विहिरी व कूपनलिका दूषित झाल्या होत्या.

भोपाळचा पडसाद गोमंतकातही उमटला. अंत्रुज महालातील केरीच्या पठारावर परदेशी भागीदारीतून नायलॉनचा कारखाना येऊ घातला तेव्हा भोवतालच्या गावांनी कडवा विरोध केला. १९९५ च्या त्या आंदोलनात गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. कारखाना अखेर तेथे उभा राहिला नाही. मोठ्या संकटाविषयी आपला समाज असा जागरूक आहे. लहान डब्याविषयी मात्र तो निष्काळजी राहिला आहे.

तळघरातील कपाट

लहान डबाही काय करू शकतो, याचा दाखला १९७६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहासष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ घराच्या तळघरात खणांच्या एका जुन्या कपाटाचा रंग काढीत होते. सुमारे तीन तास काम केल्यावर त्यांच्या छातीत कळ आली आणि हृदयविकाराचा झटका आला. बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले आणि पुन्हा झटका आला. काही महिन्यांनी तिसऱ्यांदा हात लावला, तेव्हा मृत्यूने गाठले. मेथिलीन क्लोराइड शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते, आणि ते रक्तातील प्राणवायूची जागा बळकावते, हे त्याआधी चारच वर्षे, १९७२ साली, सिद्ध झाले होते. ज्याचे हृदय आधीच अशक्त, त्याला ही बाधा अधिक. त्या गृहस्थांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

या द्रव्याचा दुसरा दोष म्हणजे ते गुंगी आणते. कोंदट जागी वाकून काम करणारा माणूस नकळत बेशुद्ध पडतो आणि जड वाफेच्या थरातच त्याचे तोंड राहते. अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात या द्रव्याने ८५ मृत्यू घडल्याचे एका अभ्यासात दिसून आले. त्यांत न्हाणीघरातील टबांचा रंग काढणारे कामगार बरेच होते. युरोपीय संघाने रंग काढण्याच्या द्रवांतील त्याच्या वापरावर २००९ साली निर्बंध घातले. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी त्याची विक्री बंद केली आणि २०२४ मध्ये बहुतेक व्यावसायिक उपयोगही निषिद्ध ठरविले.

देवालयात काय करावे

भोपाळच्या दोन पंधरवड्यांतील फरक देवालयाच्या आवारात आणावयाचा तर पुढील गोष्टी आवश्यक ठरतात.

प्रथम डबा वाचावा. त्यावर मेथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमेथेन हे नाव असेल तर तो परत करणे उत्तम. साध्या कापडी वा धूळरोधक मुखवट्याने ही वाफ अडत नाही. पातळ रबरी हातमोज्यांतून ती थोड्याच वेळात आरपार जाते. ज्याला बाहेरून शुद्ध हवा पुरविणारी यंत्रसामग्री लागते, असे द्रव्य देवालयाच्या खोपटीत वापरण्याजोगे नाही. डब्यावर काहीच लिहिलेले नसेल, किंवा रिकाम्या बाटलीत ओतून दिलेले असेल, तर ते मुळीच घेऊ नये.

दुसरी गोष्ट ज्योतीची, आणि ती देवालयांत सर्वांत महत्त्वाची. गर्भकुडीतील नंदादीप अहोरात्र तेवत असतो. सभामंडपात समया असतात, धूप जळतो, कारागीर विडी ओढतो, स्वयंपाकघरात चूल पेटलेली असते. मेथिलीन क्लोराइडची वाफ या ज्योतींपाशी फॉस्जीन होते. थिनर, ॲसिटोन, टर्पेंटाइन यांची वाफ त्याच ज्योतींवर भडकते. म्हणून रंग काढण्याचे काम सभामंडपात कदापि करू नये. पालखी, मखर, दरवाजे हे सुटे होणारे भाग आवाराबाहेर उघड्यावर, सावलीत आणि वाऱ्याच्या जागी न्यावेत. न हलविता येणाऱ्या खांबांवर रासायनिक द्रव न वापरता हाताने काम करावे.

तिसरी गोष्ट उन्हाची. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोपटीतील उष्णता चाळीस अंशांच्या पलीकडे जाते. चाळीस अंशांखाली उकळणारा द्रव तेथे बंद डब्यात ठेवला तर झाकण उघडताच तो तोंडावर उसळतो. भोपाळची टाकी थंड ठेवावयाची होती ती याच कारणासाठी. डबे थंड, हवेशीर आणि कुलूपबंद जागी ठेवावेत व गरजेपुरतेच आणावेत.

चौथे म्हणजे सौम्य उपाय आधी करावा. जुन्या देवालयांतील पुष्कळसे काम तैलरंगाखाली चपडा लाखेच्या पॉलिशचे असते. आडबाजूस स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावा. थर चिकट झाला तर तो लाखेचा, आणि त्याला स्पिरिट पुरते. तैलरंगाला बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेले दाट लेप चालतात. ते सावकाश काम करतात, रात्रभर ठेवावे लागतात, पण माणसाला एका तासात लोळवीत नाहीत. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि मोकळी हवा त्यांनाही हवीच. कॉस्टिक सोडा कोरीव कामाला लावू नये. तो डोळा गमावण्याइतका दाहक आहे आणि सांध्यांतील सरसही सोडवितो.

पाचवी गोष्ट शिशाची. जुन्या रंगांत शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीचा प्रत्येक थर शिशाचाच समजून चालावे. असा रंग कोरडा घासल्यास धूळ, भाजल्यास धूर, आणि दोन्ही मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून पृष्ठभाग ओला करून खरवडावे, खाली कागद पसरावा, हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. प्रसाद घेण्याची तर गोष्टच नको. देवालयाच्या आवारात मुले खेळतात. त्यांना त्या दिवसांत तिकडे फिरकू देऊ नये.

सहावी गोष्ट कचऱ्याची. खरवडलेला चोथा आणि उरलेला द्रव तळीत, विहिरीत वा गटारात टाकू नये. मेथिलीन क्लोराइड पाण्याहून जड असल्याने तळाशी जाऊन बसते. भोपाळच्या विहिरींचे काय झाले ते वर आलेच आहे. ज्या तळीत श्रींची नौका फिरते, तिचे पाणी राखणे हेही सेवेचेच अंग आहे. जवसाच्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवले तर आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ते पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा एकेक पसरून वाळवावेत.

शेवटची गोष्ट माणसांची. एकट्या कारागिरास आत सोडून दार लावू नये. सोबतीला कोणीतरी असावे, आणि डोके जड झाले, मळमळ वाटली, डोळे चुरचुरले की काम तत्काळ थांबवून मोकळ्या हवेत यावे. ‘चहानंतर पाहू’ हे शब्द भोपाळला महागात पडले. फॉस्जीनची बाधा तासांनी उमटते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांकडे जावे आणि डब्याची चिठ्ठी सोबत न्यावी.

महाजनांची जबाबदारी

पोर्तुगीज अमदानीत, १९३३ साली, देवस्थानांचे नियमन करणारा कायदा झाला. त्याने महाजनांवर देवस्थानाच्या मालमत्तेची राखण सोपविली. दागदागिन्यांची यादी, जमिनींचे उतारे, हिशेबाच्या वह्या हे सारे त्या जबाबदारीत येते आणि ते आपल्या पूर्वजांनी चोख पार पाडले. त्या यादीत कारागिराचा जीवही आला पाहिजे. रोजावर आलेला च्यारी किंवा त्याचा पोरसवदा मदतनीस समितीने दिलेला डबा उघडतो, समितीने दाखविलेल्या खोलीत बसतो आणि जात्रेच्या आधी काम संपवा, ही समितीचीच घाई असते. काही विपरीत घडले तर दोष सुताराच्या निष्काळजीपणावर ढकलणे सोपे असते. परंतु भोपाळनंतर आपल्या न्यायालयांनी जो न्याय सांगितला त्याचे तात्पर्य असे की धोक्याचे काम ज्याने करविले त्याने उत्तर द्यावे.

जीर्णोद्धाराचा ठराव करतानाच रंग कोणत्या द्रव्याने काढणार, कोठे काढणार, देखरेख कोण करणार आणि कचरा कोठे नेणार, या चार ओळी वहीत लिहिण्याचा प्रघात पडावा. जेथे काम प्राचीन असेल तेथे आधी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, कारण कित्येकदा खालचा जुना रंग हाच मूळ अलंकार असतो आणि तो काढणे म्हणजे ठेवा पुसणे होय. जात्रा एक वर्ष रंगाविना झाली तर श्री रागावणार नाहीत. बुजलेली वेलबुट्टी सावकाश, हाताने, दोन वर्षांत उघडी होवो, पण ती उघडी करणारे हात धड राहोत आणि पुढच्या जात्रेत पालखीला लागोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.